आत्मे ओळखण्याचं कृपादान

११ जानेवारी, रविवार
आज कन्फर्म झालं. मला आत्मे ओळखण्याचं कृपादान मिळालंय. म्हणजे कोणाच्या तोंडून देवाचा आत्मा बोलतो आणि कोणाच्या खोटा, हे मला कळतं.
चर्चच्या उपासनेत सगळे रडत होते, हात वर करून. मला काहीच वाटलं नाही. अगदी काहीच. माझी बायको शालू गेल्यापासून असंच आहे. आधी वाटलं थकवा असेल. आज लक्षात आलं, ही शांती आहे. भावना म्हणजे देह. देह गप्प झाला की खरं-खोटं क्लिअर दिसतं.
शिवाय इतकी वर्षं कंपनीत क्वालिटीला आहे. सॅम्पल बघायचं, पास की रिजेक्ट सांगायचं. देवाने अनुभव बघूनच निवडलं असणार.
निश्चय: मंडळीत शिरलेलं खोटं शोधून काढणे. बायबलचा रोज एक अध्याय. चहा बंद.

१३ जानेवारी
पास्टर दिनानाथांना सांगितलं.  त्यांनी विचारलं, जेवता ना नीट? विषय सरळ टाळला. पास्टरांवरही लक्ष ठेवावं लागेल.
चहा चालू. डोकं दुखत होतं.

१५ जानेवारी
बोईसर बाजार. सातपाटीची मासेवाली मावशी म्हणाली, बोंबील ताजे हायत. आवाजात खोटेपणा जाणवला. तिच्या शेजारी बसलेल्या बाईकडून घेतले. घरी उन्नतीने पिशवी उघडली आणि तशीच कचऱ्यात टाकली. म्हणाली, पप्पा, वास नाही आला का तुम्हाला?
नाही आला. कृपादान आत्म्यांसाठी आहे, मासळीसाठी नाही.

१८ जानेवारी, रविवार
आज साक्षी होत्या, म्हणजे देवाने काय केलं ते एकेकाने उठून सांगायचं. चिराग म्हणाला, पाठ बरी झाली. टाळ्या. पास.
मग बायडी उठली. चिल्हार रोडच्या आतल्या पाड्यावरून येते. म्हणाली, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थना केली, पण मंगळ्या अजून पितोच हाय. देव ऐकतो का नाय, मला कळत नाय. तरी मी येते. एवढं बोलून बसली.
टाळ्या नाहीत. ही कसली साक्ष? संशयाचा आत्मा. रिजेक्ट.

२० जानेवारी
पास्टरांना बोललो, बायडीला साक्ष देऊ देऊ नका. ते म्हणाले, आधी एकदा तिच्या घरी जाऊन या. म्हणजे माझा रिपोर्ट हवाय. तसं स्पष्ट म्हणाले नाहीत, पण कळतं.

२४ जानेवारी, शनिवार
जाऊन आलो. मंगळ्या घरी नव्हता. बायडीने कोरा चहा दिला. मी प्रश्न विचारायच्या आतच म्हणाली, भाऊ, ताई हितंच बसायची. कोण ताई? तर शालू.
शालू मला सांगून जायची, बायकांची प्रार्थना आहे.
बायडी म्हणाली, प्रार्थना नाय, आमी दोघीच असायचो. ताई मरणाला भ्यायची. देवावर रागवायची पण. रड रड रडायची.
विचारलं, मग मला का नाही बोलली? बायडी म्हणाली, ताई बोलायची, त्यांना सांगितलं तर ते लगेच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. नुसतं जवळ राहायचं त्यांना जमत नाय.
चहा तसाच ठेवून निघालो. साफ खोटं. शालूला मी रोज विचारायचो, शांती आहे ना? रोज म्हणायची, आहे. तिच्या तोंडावर खोटं असतं तर मला दिसलं असतं. कृपादान तेव्हा नव्हतं, पण नवरा तर होतो.
घरी येऊन प्रार्थनेत तपासून पाहिलं. आत काही हललं नाही. म्हणजे बायडी खोटी. सिद्ध.

२५ जानेवारी, रविवार
नाव न घेता उत्तर द्यायचं ठरवलं. साक्षीला उठलो. सांगितलं, आमच्या घरात कॅन्सर आला, पण अश्रू आला नाही. शेवटपर्यंत माझ्या पत्नीच्या मनात पूर्ण शांती होती. टाळ्या खूप वेळ. बायडी खाली बघत होती. उन्नती उठून बाहेर गेली.

संध्याकाळी
उन्नतीला विचारलं, अशी मध्येच का गेलीस? म्हणाली, आई भांडी घासताना नळ मोठा सोडून रडायची, पप्पा. मी म्हणालो, मला तेव्हाच सांगायचंस. ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हा खोटा आत्मा बोलतोय तुझ्या तोंडून. आणि माझ्यासाठी प्रार्थना केलीत.
आठवत नाही.
मी म्हणालो असेन.

२८ जानेवारी
कंपनी. घर. अध्याय नाही.

३० जानेवारी
पास्टरांना फोन केला. म्हणालो, कृपादानाबद्दल थोडा घोटाळा झालाय. ते म्हणाले, रविवारी भेटू, आणि जेवून घ्या. आज जेवलो. चव कळली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला गेलो नाही. पाड्यावर गेलो. बायडीला काय सांगायचं ते रिक्षात तीनदा घोकलं. ती घरी नव्हती. उपासनेला गेली होती. रविवारी ती तिथेच असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
मंगळ्या दारात बसला होता. शुद्धीत. विचारलं, तुमी कोण?
मंडळीचा सभासद, क्वालिटीचा माणूस, काहीही सांगता आलं असतं. तोंडातून आलं, शालूचा नवरा.
 तो म्हणाला, आता आलात होय?
हो, म्हणालो.
परतीची रिक्षा लगेच मिळणार नव्हती. तिथेच थांबलो.