उन्हात टिकणारा गुलाबी

पेणकरपाडा, मीरा रोड
४ मार्च १९९४

ती. बापूमामांस,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

जलरंगांची नवी पेटी घेतली! रविवारी चेण्याला जाऊन डोंगर रंगवायचे आणि घरी आईचं मोठं चित्र करायचं, दोन्हीला हीच. ऑक्टोबरात ती शाळेतून रिटायर होतेय, तेव्हा सगळ्यांसमोर द्यायचंय. दुकानदार हिंदीत सांगत होता की ही मुलांची पेटी आहे, मोठ्या कामाला नको. पण त्यातला गुलाबी असा झळाळतो की मी ऐकलंच नाही.

तुम्ही तिच्या तरुणपणी काढलेलं चित्र अजून बाल्कनीसमोरच्या भिंतीवर आहे. लग्नातली पांढरी साडी काय सुरेख उतरलीय! आई मात्र म्हणते, ती साडी गुलाबी होती, पहिल्या पगाराची. आम्ही इतके हसतो की आताशा ती विषयच काढत नाही. परवा हळूच विचारत होती, आजीचं शेवटी झालं तसं माझंही डोकं फिरत नाही ना. तेव्हापासून मला काळजी वाटतेय.

मामींना जयभीम. लोभ आहेच, माझ्या बडबडीने तो कमी होऊ नये.
तुमची,
संघप्रिया

नांदेड
१५ मार्च १९९४

चि. संघप्रियास,
बापूमामाचे अनेक आशीर्वाद.

झळाळीला भुलणं आपल्या घराण्यातच आहे, म्हणून रागावत नाही. आता एक कर. पेटीतल्या प्रत्येक रंगाचा पट्टा कागदावर ओढ, अर्ध्या भागावर पुठ्ठा लाव आणि कागद उन्हाच्या खिडकीत चिकटव. टिकेल तो रंग आपला. मग चांगल्या ट्यूब घे, मोजक्याच. घरी ताज्या वापर आणि फिरतीच्या डबीत त्याच पिळून वाळव, म्हणजे चेण्यालाही हाताला ओळखीचा रंग मिळेल.

वैजयंताच्या साडीबद्दल मी आज काही बोलणार नाही. बोललो तर म्हणाल, भाऊ बहिणीची बाजू घेतोय. पुठ्ठा काढशील त्या दिवशी माझं चित्रही चौकटीतून काढ. तोवर तिला एवढंच सांग, तिचं डोकं ठिकाणावर आहे.

पत्राला उशीर कर, पण अभ्यासाला नको. लोभ असू दे.
बापूमामा

पेणकरपाडा
२२ मे १९९४

ती. बापूमामांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

गेल्या आठवड्यात पुठ्ठा काढला. झाकलेला गुलाबी जसाच्या तसा, आणि उघड्या अर्ध्यात नुसता कागद! तशीच उठले, तुमचं चित्र उतरवलं. चौकटीखाली दडलेल्या कडेला पदराची बोटभर पट्टी होती. राणी गुलाबी.

आईला हाक मारली. ती बघत राहिली, मग रडली, आणि मग शेजारच्या हंसाबेनपासून सगळ्या मजल्याला बोलावून पट्टी दाखवली. आम्ही इतकी वर्षं हसलो, याची मला फार लाज वाटली. तिची माफी मागितली. ती म्हणाली की माफी राहू दे, आधी रंग धड आण.

आणलाय, मामा. दुकानदाराला विचारून, ट्यूबवरच्या टिकाऊपणाच्या खुणा बघून. डबीतही तोच वाळत घातलाय. पण आईने अट घातलीय की नवा पट्टा उन्हात टिकलेला दिसल्याशिवाय ती चित्राला बसणार नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी जाते, पुठ्ठा उचलून बघते आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते, की गुलाबीच आहे.

तुमचा लोभही असाच पक्का राहो.
तुमची,
संघप्रिया