शिवलेली बावीस पानं

२ डिसें., मंगळ.
नंदाखालहून वहिनींचा, एलायसच्या बायकोचा फोन. "भावजी, चौदाला पन्नास होतात त्याला. तुम्ही या." मी म्हटलं बघतो, ऑफिसात काम फार आहे. त्या म्हणाल्या, "बघतो नाही. याच."

एलायसला जानेवारीत डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, एप्रिलपर्यंत उजवाही गेला. इंजेक्शनं झाली, मशीन झालं, उपयोग शून्य. मग त्याने बोलणंही सोडलं. तीस वर्षांपासूनचा मित्र. मी जुलैत एकदा गेलो. मोबाईलवर टाइप करून दाखवलं, 'कसा आहेस?' त्याने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. त्यानंतर गेलो नाही. कारणं भरपूर: कोर्टाच्या तारखा, आईचे गुडघे, पाऊस. खरं कारण एकच, भीती.

३ डिसें.
नेऊ काय? शर्ट? शर्ट नेला तर मीच मला माफ करणार नाही.
आंघोळ करताना सुचलं. पुस्तक! वाचायला कान लागत नाहीत. टि.ला.वरचं पुस्तक.
टिन लाइटहाउस. अख्ख्या कॉलेजात हा बँड ऐकणारे आम्ही दोघंच. त्याच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत कॅसेट लावायची आणि बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पाय सोडून बसायचं. पुढे तो बेस शिकला, मी गिटार. आमचा बँड जन्मात एकदाच वाजला, त्याच्या मावसबहिणीच्या लग्नात. तिसऱ्या मिनिटाला लोकांनी डीजे लावायला सांगितलं. एल्या म्हणाला, "अव्या, आपण काळाच्या पुढे आहोत." जेवण मात्र आधी आम्हालाच वाढलं.
पाच पुस्तकं मागवली. त्यातलं सर्वांत चांगलं एकच न्यायचं. चुकीचं नेलं तर संपलं. एवढी एकच संधी उरलीय असं वाटतंय.

७ डिसें., रवि.
चार आली. पाचवं दुकानदाराने परस्पर रद्द केलं. दिवसभर बाल्कनीत चाळत बसलो. हिची कुरकुर, "परीक्षा आहे का तुझी?" आहेच.
१) जाडजूड चरित्र. लेखक पत्रकार. एकशे चाळीस पानं झाली तरी बँड जन्मलेला नाही, गायकाचे आजोबा अजून कोळशाच्या खाणीत. बाद.
२) गिटारवाल्याचं आत्मचरित्र. जगात शहाणा तो एकटा. बेसवाल्याबद्दल लिहितो, 'तो उभा असायचा.' हे एल्याला देऊ? बाद, बाद.
३) फोटोंचं. देखणं आहे, मोह झाला. पण पानोपानी उघडी तोंडं, भलेमोठे स्पीकर, कानावर हात ठेवून नाचणारी पोरं. ज्याला काही ऐकू येत नाही त्याने हे बघत बसायचं? मिटून टाकलं.
४) ड्रमरचं. बारीकसं. हेच! गडी लिहितो झकास. गळकी गाडी, बटाट्याचं सूप, चहावरून भांडणं. एका बैठकीत १८२ पानं. मोठ्याने हसलो, तेव्हा ही येऊन बघून गेली.

८ डिसें.
पान १८३. नवीन प्रकरण. पहिल्याच वाक्यात ड्रमरला एका सकाळी झांजेचा आवाज ऐकू येत नाही.
पुढे वाचलं नाही. पुस्तक उशीखाली सारलं, जसं काही तेच माझ्याकडे बघत होतं.
म्हणजे याचेही कान गेले. आणि मी हे एल्याला वाढदिवसाला देणार होतो.

१० डिसें.
उमेळ्याला आईकडे. तिला सगळं सांगितलं, कोणालातरी सांगायलाच हवं होतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याला ऐकाला येत नाय. तुला तं बोलाला येतं ना? मंग तू का गप?"
तिला काय कळतंय, असं मनात म्हटलं. परतीच्या रिक्षात ते वाक्य कानातून जाईना.

१२ डिसें., शुक्र.
दोन दिवस उरले. चारांत चांगलं हेच, यात वाद नाही. फक्त ती बावीस पानं. १८३ ते २०४.
कापू? पुस्तकाला ब्लेड लावायचा धीर नाही.
दुपारी वकीलसाहेबांचा दावा शिवत होतो. सव्वीस वर्षं तेच करतोय. कागद नीट ठोकून घ्यायचे, दाभणाने भोकं पाडायची, पांढरा दोरा ओवून मागे गाठ. मी शिवलेली फाइल सुटत नाही, असं अख्ख्या वसई कोर्टात म्हणतात. साहेब बाहेर गेले आणि मी पुस्तक काढलं. बावीस पानांचे अकरा कागद एकत्र धरले, बाहेरच्या कडेला सात भोकं, दोरा, गाठ. पाच मिनिटांत काम. चोख झालं. आधीचं मोकळं, पुढचं मोकळं, मधलं बंद.
आठवड्यात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

१४ डिसें., रवि.
गेलो. वाडीत केळीचे घड पिशव्या घालून झाकलेले, बावखलाला शेवाळ. एल्या व्हरांड्यात. दाढी पूर्ण पांढरी झालीय. माझा हात हातात घेतला, जरा वेळ सोडला नाही. मला वाटलं जिंकलो.
वहिनींनी केक कापायला लावला. त्याने भेटीवरचा कागद फाडला, मुखपृष्ठावरचे ते चौघे बघून भुवया उडाल्या. मग अंगठ्याने पानं फर्रकन सोडली. मध्येच अंगठा अडला.
त्याने शिवण पाहिली. बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. पुस्तक कपाटावर ठेवलं.
मी केकचे दोन तुकडे खाऊन वीस मिनिटांत पळालो. बस निर्मळला आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाढवा, शिवलेलं पान माणूस आधी उघडतो.

१७ डिसें.
वहिनींचा मेसेज: 'पुस्तक घेऊन बसलाय. काल खुणेने कोयती मागितली.'
कोयती कशाला, विचारायचा धीर झाला नाही. दाव्यावर कोर्ट फीचं चुकीचं तिकीट लावलं. साहेब ओरडले.

१९ डिसें.
मेसेज नाही. मी चारदा टाइप केलं, चारदा पुसलं. 'सॉरी' एवढंच लिहायचं तर कशाबद्दल? शिवलं त्याबद्दल, की जुलैनंतर गेलो नाही त्याबद्दल?
त्याला सोसणार नाही म्हणून शिवलं, असं स्वतःला सांगत होतो. सोसणार नव्हतं मला. त्याचं नाव पुढे केलं, झालं.

२३ डिसें., मंगळ.
वहिनी नाताळच्या खरेदीला वसईच्या बाजारात आल्या होत्या. ऑफिसच्या पायरीवर उभ्या. हातात पिशवी.
"तुमचं पुस्तक. परत दिलंय."
बाहेर काढलं. पहिल्या पानापासून १८२पर्यंत केळीच्या सुक्या सोपटाने, खोडाच्या सालीने, करकचून बांधलेलं, आपण फुलांची वेणी बांधतो तसं. २०५पासून शेवटपर्यंत तसंच बांधलेलं. मधली बावीस पानं तेवढी मोकळी. माझा दोरा गुंडाळी करून आत ठेवलेला, सात भोकं तशीच.
"मला काही माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "अव्याला देऊन ये म्हणाला."
"म्हणाला?"
"हो." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तोंडाने म्हणाला. सात महिन्यांनी."

२४ डिसें.
रजा टाकली. बाल्कनीत बसून बावीस पानं वाचली.
ड्रमर लिहितो: लोक भेटायला येत आणि मयताला आल्यासारखे बसत. तो खोलीत आला की रेकॉर्डी लपवत, बँडचं नावही काढत नसत. काही जण एकदाच आले, कागदावर काहीतरी लिहून दाखवलं, आणि पुन्हा फिरकले नाहीत.
या ओळीशेजारी पेन्सिलने, एल्याच्या तिरप्या अक्षरात: 'जुलै.'
बास. एवढंच. मी आत जाऊन तोंड धुतलं.
दोन पानांनी पुढे. एक दिवस गायक येतो. काही बोलत नाही, लिहीत नाही. शेजारी बसतो, गिटारचं पोट ड्रमरच्या गुडघ्याला टेकवतो आणि वाजवतो, वाईटच वाजवतो. ड्रमर लिहितो की लाकूड गुडघ्याशी बोललं. पुन्हा वाजव म्हणाला, संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला.
इथे एल्याने काही लिहिलेलं नाही. समासात फक्त एक प्रश्नचिन्ह.
म्हणजे काय? 'हे खरं असेल का'? की 'तू येतोस का'? की 'तुला जमणार आहे का हे, पळपुट्या'? पेन्सिल जोरात दाबलीय, मागच्या पानावर उठलंय. रागाने दाबली की कशाने, ते कळत नाही.

२५ डिसें., गुरु.
माळ्यावरून गिटार उतरवली. गवसणीला झुरळांनी खाल्लंय. सहापैकी चार तारा, गंजलेल्या. तारांचं दुकान नाताळचं बंद. बोटं जाड झालीत, पहिलं गाणं अर्ध्यावर विसरतो. ही म्हणाली, "तारा बसवून रविवारी जा की." रविवारवर टाकलं तर जाणारच नाही, मला मी माहीत आहे.
पुस्तक बरोबर घेतलंय. सोपटं सोडलेली नाहीत, ती त्याने सोडायची. सोडेल का, माहीत नाही. दारातूनही परत पाठवेल, तो हक्क आहे त्याचा.
सगळ्यांत जाड तार शाबूत आहे. आताच गिटार माझ्या गुडघ्याला टेकवून ती छेडून पाहिली. गुडघ्याला जाणवतं खरं.
दहाची बस आहे.