चपट्या तारा

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू "बाकी काय विशेष?" विचारलंस आणि मी "काही नाही, मजेत" म्हणून फोन आईच्या कानाशी धरला. फोनवर मला काही सांगता येत नाही. एक तर आई शेजारी ऐकत असते, आणि दुसरं म्हणजे थोड्या वेळाने तू नुसतं "हं, हं" करायला लागतोस, म्हणजे तुझं लक्ष टीव्हीकडे गेलेलं असतं. म्हणून लिहायला बसले. आई आत्ता जागी आहे, पण शांत आहे.

तिचा उजवा हात तसाच लुळा आहे. शब्द सापडत नाहीत, सापडलाच तर भलताच सापडतो. काल दूध हवं होतं तर "छत्री, छत्री" करत होती. मग आम्ही दोघी हसलो. पण कर्कश आवाज तिला अजिबात सोसत नाही, हे तुला फोनवरून कळायचं नाही. खुर्ची सरकली, ताटलीवर चमचा घासला, की ती डावा हात उचलून डाव्या कानावर दाबते. उजवा कान उघडाच राहतो. तेवढं बघितलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं. नशीब की माझं शिवणयंत्र तिला चालतं. दुकानाचे पडदे मी आता घरीच शिवते. कापडाचे गठ्ठे दुकानाचा माणूस आणून टाकतो आणि तयार माल घेऊन जातो. म्हणजे त्यासाठीही मला जिना उतरावा लागत नाही. सगळे म्हणतात, किती छान सोय झाली.

माझी बेस गिटार कपाटामागे होती. आई आजारी पडली तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," म्हणून मी ती खोळीत घालून तात्पुरती तिथे उभी केली होती. एकदा पडद्यांचं अस्तर शोधताना हात तिच्यावर पडला आणि राहवलं नाही. अँपचा, म्हणजे तिच्या स्पीकरचा, आवाज अगदी बारीक ठेवून वाजवायला बसले. पण माझ्या तारा नेहमीच्या, गोल गुंडाळीच्या. त्यांच्यावर बोट सरकलं की गुंडाळीच्या कडांवरून चर्र असा आवाज होतो. स्टेजवर तो कुणाला ऐकूही येत नाही. इथे पहिल्याच चर्रला आईचा हात कानाकडे गेला. मी गिटार परत कपाटामागे ठेवली.

आठवडाभर मी स्वतःला समजावलं, की जाऊ दे. मग एके दुपारी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार तोच, जाड भिंगांचा, अजूनही मला "बेसवाल्या ताई" म्हणतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने खणातून एक पाकीट काढलं आणि तार माझ्या हातात दिली. "नख फिरवून बघा." या तारेवर गोल वायरऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे ती काचेसारखी गुळगुळीत लागते. बोट कितीही सरकवा, चर्र नाही. त्याने तीन-चार तऱ्हा काउंटरवर मांडल्या. एक जाड आणि इतकी ताठ की माझी मऊ पडलेली बोटं दोन दिवसांत सोलून निघाली असती. एक त्याहून सैल ताणाची, बोटांना सोपी. मी दोन्हींत घुटमळत होते. तेव्हा त्याने साधाच प्रश्न विचारला, "बँडमध्ये वाजवणार की घरी?"

तू म्हणशील, यात काय एवढं? अरे, चपट्या तारांचा आवाज बुजलेला असतो, नुसता धुम्म. आमच्या ढोल्याला, म्हणजे आमच्या ड्रमवाल्याला, तारा झणझणीत लागायच्या. आवाज जरा मंदावला की तो म्हणायचा, "बदल बाई, झोप येते!" या तारा तर पहिल्या दिवसापासूनच मंद. शिवाय एकदा चढवल्या की वर्षानुवर्षं टिकतात, असं दुकानदार कौतुकाने सांगत होता. ते ऐकून मी हातातलं पाकीट परत काउंटरवर ठेवलं. "घरी," मी म्हटलं, आणि सैल ताणाच्या घेतल्या. घरी वाजवणार, हे मी पहिल्यांदाच कुणासमोर मोठ्याने बोलले.

तारा आईसमोरच बसवल्या. ही तार कापण्याआधी खुंटीजवळ काटकोनात वाकवावी लागते, नाहीतर पट्टी उलगडत जाते. ते सगळं आई टक लावून बघत होती. मग मी वाजवायला लागले आणि नजर तिच्या डाव्या हातावर ठेवली. हात जागचा हलला नाही. अँप पलंगाला टेकलेला होता, त्यामुळे प्रत्येक सूर पलंगाच्या लोखंडात थरथरत होता. तिने तळवा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठेवला, डोळे मिटले आणि चक्क झोपली. झोपेच्या गोळीशिवाय! डॉक्टर खूश झाले, काकूंनी सगळ्या इमारतीला सांगितलं, आणि तू फोनवर म्हणालास, "वा ताई, आता तुझंही झालं आणि आईचंही."

तेव्हापासून आई माझ्या वाजवण्याशिवाय झोपत नाही. दुपारी जेवण झालं की कठड्यावर हात ठेवून वाट बघते. पूर्वी ती झोपली की मी तासभर बाहेर पडायचे, भाजी आणायचे, उगीच चौकापर्यंत फिरून यायचे. आता मी थांबले की डोळे उघडतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून लावून बघितलं. तिने कठड्यावरचा हात काढला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. जे माझं एकटीचं म्हणून आणलं होतं, धाकट्या, तेही तिच्या औषधांत जमा झालं.

मागच्या महिन्यात ढोल्या आईला बघायला आला. मी वाजवत होते म्हणून काही न बोलता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. नंतर जिन्यात मला म्हणाला, "हा आवाज कुठे दडवला होतास गं?" त्याने आता जुना बँड मोडलाय. एका वयस्कर गायिकेबरोबर नाट्यगृहांतून कार्यक्रम करतो. लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात, आवाज खालचा, आणि तिला मागे असाच मऊ बेस हवाय. लांबचा दौरा आहे, गावोगावचा. मी त्याला तिथेच नाही म्हटलं. म्हणाला, "नीट विचार कर, मी थांबतो," आणि उतरून गेला. मी जिन्याच्या कठड्याला धरून तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले. आतून आई हाक मारत होती. शब्द नसला तरी हाक बरोबर येते तिला.

गेल्या मंगळवारी वाजवता वाजवता मी मध्येच हात उचलला. रागाने नाही, नुसतं बघायला. आईने डोळे उघडले. मी वाजवलं नाही. मग मी गिटार खाली ठेवून उठले, तर तिने डाव्या हाताने माझी ओढणी धरली. किती जोर आहे रे त्या एका हातात! मी "आई, सोड गं" म्हटलं, तिने मान हलवली, नाही. शेवटी मी तिची बोटं एकेक करून उकलली. ती रडली. मीही रडले. मग गॅलरीत जाऊन ढोल्याला फोन लावला आणि "येते" म्हणून सांगितलं.

तर हे पत्र त्यासाठी. पुढच्या शनिवारी सकाळी मी निघतेय, तू शुक्रवारी इथे पोचायचंस. सुट्टी मिळेल का, असं मी विचारत नाही. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. काकू फार तर तासभर बसतील, त्यांच्यावर टाकून मोकळा होऊ नकोस. आई पहिले काही दिवस झोपणार नाही, तुझ्यावर चिडेल, हात झिडकारेल. ते तुला सोसावं लागेल, आणि सोसवेल, मी सांगते. मी परत येणार आहे. पण कधी, ते लिहीत नाही. कारण तुला मी चांगली ओळखते. तारीख लिहिली, की तू तिच्या आदल्या दिवसाचं तुझं परतीचं तिकीट काढशील.

तुझीच,
ताई