कुंजपक्ष्याची निळी चोरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच). तुझी साखर, तुझी कंबर आणि माझ्याविषयीचं तुझं मत कसं आहे? पहिल्या दोन्ही सुधारल्या असाव्यात. ‘बासष्टाव्या वर्षी लग्नाची भाषा शोभत नाही’ असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. ताई, मी उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवला. थोरल्या बहिणीची परवानगी काढून नाचायला उभा राहिलेला एकही नर मला आढळला नाही!

परवा वाचनालयात माझं व्याख्यान होतं. अध्यक्षांनी (निवृत्त दंतवैद्य, उपटायची सवय सुटलेली नाही) ‘प्राण्यांचे मीलन’ या विषयातलं मीलन काढून ‘कौटुंबिक जीवन’ घालायला सांगितलं. मीलनावाचून कुटुंब कुठल्या झाडाला लागतं, असं मी माइकवरूनच विचारलं आणि सुरुवात केली. माशी रेशमात गुंडाळून मादीला भेट देणारा कोळी सांगितला (काही लबाड नुसतं टरफलच गुंडाळतात). सारसाचं नृत्य तर करून दाखवलं. एक पाय वर, मान मागे, आणि गुडघ्यातून असा आवाज आला की पुढचं व्याख्यान खुर्चीतून झालं. हसू नकोस.

बसल्या बसल्या कुंजपक्ष्यावर आलो आणि तिथे माती खाल्ली. हा पठ्ठ्या काटक्यांचा मांडव उभारतो आणि मादीसाठी त्यापुढे निळ्या वस्तू मांडतो: पिसं, फुलं, बुचं, मिळेल ते. एवढं सांगतोय तोच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या ग्रंथपालबाईंनी (तुझ्या पत्रातली ‘ती कोण ती’) खण उघडला. एकेक वस्तू टेबलावर येऊ लागली. निळं बटण. पेनाचं टोपण. औषधाच्या बाटलीचं बूच. काचेची गोटी. गेले आठ महिने दर मंगळवारी पुस्तक परत करताना मी एकेक मुकाट्याने तिथे ठेवत आलोय. तिने सगळं जपलं होतं, ताई! शेवटी चष्म्याचं निळं घर निघालं, तसे अध्यक्ष ओरडले, “अहो, हे माझं!”

“पक्षी शेजाऱ्याचंही पळवतो,” मी बाणेदारपणे म्हणालो.

तिने विचारलं, “या जातीत ठरवतं कोण?”

“मादी.”

“एकदाच बघून?”

“नाही. दोन-तीनदा येऊन पाहते.”

“मग रविवारी चारला येते. घर झाडलेलं असू दे, सर.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दंतवैद्यांनीसुद्धा वाजवल्या, चष्म्याचं घर काखेत मारून.

तेव्हा ही विनंती समजू नकोस, ही वर्दी आहे. होकार-नकार तिचा, तुझा नाही, माझाही नाही. घराण्याची अब्रू एवढी नाजूक असेल तर तिला काचेच्या कपाटात ठेव. मी वाकणार नाही.

तुझा (गुडघ्यासकट ताठ) धाकटा

ता.क. तुझी निळी बरणी मांजराने फोडली असं मी कळवलं होतं. बरणी शाबूत आहे; ग्रंथपालबाईंच्या खिडकीत आहे. मांजराची मी माफी मागितली आहे.

ता.क. आणखी एक. रविवारी सकाळीच ये. घर आवरायला नव्हे (तेही आहेच). तीनशे माणसांपुढे मी गर्जतो, पण टेबलापलीकडे ती एकटी असली की तोंडातून शब्द फुटत नाही. एरवी आठ महिने बुचं कशाला वाहिली असती? निदान चहा ओतून होईपर्यंत तू बोल. माझ्याबद्दल चांगलं बोल, पाठ करून ये हवं तर. फक्त निळं काही घालून येऊ नकोस. तुलाही मीच कुठूनतरी उचलून आणलंय असं तिला वाटेल.