थांबलेला ठिपका

प्रिय गोटू,

रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येतोयस, असा तुझा निरोप मिळाला. फोनवरच तुला झाडणार होते, पण फोनवर तू मधेमधे बोलतोस, मग माझा आवाज चढतो, मग तू माझ्या ब्लडप्रेशरची आठवण काढतोस आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. तेव्हा सावकाश बसून वाच. मी रागावले आहे. चार दिवस झाले तरी राग उतरायचं नाव घेत नाही. ही डोंगरवाट मला शेवटपर्यंत चालायची आहे, निम्मी अजून उरली आहे, आणि तू ती माझ्या हातून काढून घेतोयस. वर त्याला काळजी म्हणतोस.

त्या दिवसाची हकिगत तू सगळ्यांकडून ऐकलीस, एक माझ्याकडून सोडून. आदल्या संध्याकाळी विश्रामगृहातून मी तुला फोन केला होता. उद्या खिंडीच्या आसपास हवा बिघडेल, बिघडली तर मी आडोसा गाठून बसून राहीन, ठिपका हलला नाही तर घाबरू नकोस, असं स्पष्ट सांगितलं होतं. तू हो आई, हो आई करत होतास आणि मागे लॅपटॉपवर तुझ्या बोटांची टकटक मला ऐकू येत होती. निघताना तू माझ्या पिशवीला ते माझा ठावठिकाणा तुला कळवणारं यंत्र अडकवलंस तेव्हाही मी कुरकुर केली होती. म्हटलं, जाऊ दे, पोराला झोप लागेल. कसली झोप? तू दिवसभर त्या मोबाइलवरच्या ठिपक्याकडे डोळे लावून बसायचास, हे सूनबाईनं मला आता सांगितलं.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. बर्फ रात्रीच्या गारठ्यानं कडक झालेला, बुटांचे खिळे छान पकडत होते. दुपारच्या आत वारा सुटला. असा वारा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहिला म्हणणंही चूकच, कारण दिसत काहीच नव्हतं. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. चष्म्यावर थर चढला म्हणून तो काढला, तर पापण्या चिकटायला लागल्या. बाटलीचं बूच गोठू नये म्हणून मी ती उलटी ठेवते, तरी पाण्यात बर्फाचे खडे वाजत होते. पाऊल टाकलं की गुडघाभर आत, ते उपसायचं आणि पुढचं टाकायचं. वाटेवरच्या खुणेच्या काठ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. भीती वाटली का? वाटली, चांगलीच वाटली. पण डोकं ठिकाणावर होतं. शेवटची काठी दिसत होती तिथून मी मागे फिरले आणि मेंढपाळांच्या दगडी खोपटात शिरले. पिशवी खाली घातली, तिच्यावर बसले, झोपायच्या थैलीत गळ्यापर्यंत शिरले आणि थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पीत वारा पडायची वाट बघत राहिले. डोंगरात अशा वेळी एवढंच करायचं असतं. शहाणा माणूस बसतो. तुझ्या मोबाइलवर मात्र बसलेला माणूस आणि मेलेला माणूस सारखाच दिसतो.

तिकडे तू खालच्या गावातल्या बचाव पथकाला फोन लावलास. तेही एक वेळ समजू शकते. पण मला हृदयविकार आहे, असं तू त्यांना ठोकून दिलंस. गोटू, हे मी विसरणार नाही. मी तुझ्या घरी भाजी चिरायला बसले तर ठणठणीत, आणि इथे खिंड चढले तर हृदयरोगी. पथक म्हणजे कोण, ठाऊक आहे? गावातला बेकरीवाला आणि त्याचा मेहुणा. पगारी नाहीत, आपलं काम टाकून येणारी माणसं. म्हातारी हृदयानं मरतेय म्हटल्यावर त्यांनी लांबची सुरक्षित वाट सोडली आणि उभ्या घळीतून वर आले. खोपट हाकेवर असताना बेकरीवाला घसरला आणि त्याची नडगी मोडली.

आरडाओरडा ऐकून मी बाहेर पडले. सत्तावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होते, पाय बघितल्या बघितल्या कळलं. माझ्या चालायच्या दोन काठ्या आणि माझी सतरंजी लावून तो बांधला. मग वारा जरा पडल्यावर माझ्यासाठी आणलेल्या स्ट्रेचरवर त्याला घातलं, पुढे मेहुणा, मागे मी, असं लांबच्या वाटेनं खाली आणलं. तो बिचारा वेदनेतही मला विचारत होता, मावशी, छातीत दुखत नाही ना? तेव्हा मला जी शरम वाटली ती तुझ्या वाटची होती.

सध्या मी त्यांच्या बेकरीच्या माडीवर राहते. दोन महिने त्याला उभं राहता येणार नाही. त्याची बायको भट्टी सांभाळते, पहाटे पीठ मी मळते. ती मला एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. माझे खांदे भरून आलेत, पण ते सोड. हे काम माझं नाही, तुझं आहे. तेव्हा रविवारी ये, पण मला न्यायला नको. अंथरूण घेऊन ये. तुझा लॅपटॉप इथेही चालेल, पीठ मळून झाल्यावर. तू आलास की मी माझी उरलेली वाट धरेन, आणि ते यंत्र तुझ्या हातात देऊन जाईन.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तू रात्री उठून पोरांच्या नाकाशी बोट धरतोस, हेही सूनबाईनं सांगितलं, आणि माझा खरा राग तिथे आहे. तुझे बाबा त्या दुपारी खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर. तू तीनदा त्यांच्या समोरून गेलास आणि झोपमोड नको म्हणून रेडिओ बारीक केलास. वर्षभर तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस, नुसता आम्हा सगळ्यांवर पहारा देतोयस. डॉक्टर म्हणाले होते की ते बसल्या बसल्या क्षणात गेले, तू पहिल्यांदा गेलास तेव्हाच ते नव्हते. तुला ते ऐकूच गेलं नाही. म्हणून लिहून देतेय, जपून ठेव आणि पुन्हा पुन्हा वाच. मी वाटेत रोज कुठे ना कुठे बसेन, दम लागला म्हणून, नाहीतर समोर बघावंसं वाटलं म्हणून. ते तुला दिसणार नाही आणि तुला ते सोसावं लागेल. एखाद्या दिवशी मी बसलेली उठले नाही, तर तो तुझा गुन्हा नसेल. बाबांच्या वेळीही नव्हता, राजा.

तुझीच, रागावलेली,
आई