तीनशे सतरा जणांचा काळा चिकटा

आदरणीय भाऊजींना वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण ताठ उभं राहायची सोय सध्या उरलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की ताईसमोर नुसता पाय हलवून दाखवता? मी बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर गेल्या मंगळवारपासून प्रयोगशाळेत कुणी मागून "सर" म्हणालं तरी मी दचकतो.

येत्या शनिवारी आमची संस्था माझा सत्कार करणार होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (ताईने आख्ख्या गल्लीला सांगितलंय, त्यात तुमची सुटका झाली नसणार.) ती म्हणते, भावाने शोध लावला. प्रकार जरा वेगळा आहे. कुणा संशोधकाने आपल्या लेखात माझ्या लेखाचा उल्लेख केला, की माझ्या नावावर एक सायटेशन चढतं. सव्वीस वर्षांत मी त्रेचाळीस लेख लिहिले. त्यातल्या बेचाळिसांची मिळून जेमतेम साठ, आणि त्यातली निम्मी माझी मीच केलेली (चालतं ते, सगळेच करतात). पण उरलेल्या एकट्या लेखाची तीनशे सतरा! कोणताही धातू न वापरता दोन रेणू जोडायची पद्धत, वीस वर्षांपूर्वीची. तो आकडा पाहून संचालकांनी मला गेल्या महिन्यात चक्क "बसा" म्हटलं.

मंगळवारी ग्रंथपालबाई टेबलापाशी आल्या. सत्काराच्या पुस्तिकेत छापायला लोकांनी माझ्याबद्दल लिहिलेलं चांगलं चांगलं त्या वेचून काढणार होत्या. त्यांनी कागदांचा गठ्ठा ठेवला आणि चष्मा पुसत बसल्या. मी हौसेने पहिलं पान उचललं. त्यात होतं: या पद्धतीने चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा काळा चिकटा मिळाला. दुसरं पान: चिकटा निघेना, भांडं फेकून द्यावं लागलं. तिसऱ्याने चिकट्याचा फोटोच छापला होता. एका सज्जनाने "इतरांप्रमाणेच आम्हीही" एवढ्यावर भागवलं होतं. तीनशे सतरांपैकी तीनशे चार जणांनी माझं नाव घेतलं ते बोटं मोडायला! (बाकीच्या तेरांनी लेख वाचलाच नसावा, असं बाईंचं मत.) वीस वर्षं देशोदेशींची माणसं माझ्या नावाने भांडी घासत होती आणि मी इथे खूश होऊन आकडे मोजत होतो. "यातलं छापू तरी काय, सर?" एवढंच बाई म्हणाल्या.

मी कोट चढवला. (बटणं लागेनात. गेली बारा वर्षं मी प्रयोगशाळेत फक्त सह्या करायला जातो.) नवं भांडं, नवी रसायनं, सगळं स्वतःच्या हाताने. सहा तासांनी काळा चिकटा. पुन्हा केलं, पुन्हा चिकटा. मग माझ्या खणातली, त्या लेखाच्या वेळची जुनी चुंबकाची कांडी टाकली. मिश्रण ढवळायला भांड्यात टाकतात ती, चरे पडून करडी झालेली. सहा तासांनी पांढरेशुभ्र स्फटिक! मी ओरडणारच होतो, तेवढ्यात माझी विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "सर, ही कांडी आधी कुणाकुणाकडे होती?" त्या लेखाच्या दिवसांत शेजारच्या टेबलावर पॅलेडियम या रेणू जोडणाऱ्या धातूचे प्रयोग चालत आणि कांड्या आम्ही एकमेकांच्या उचलत असू. तिने चरे तपासून घेतले, पॅलेडियम निघालंच. म्हणजे मथळ्यात "धातूविना" छापून मी सगळं धातूनेच केलं होतं, आणि त्या तीनशे बिचाऱ्यांकडे नव्हतं काय, तर माझी नीट न घासलेली कांडी!

संचालक म्हणाले, "शनिवार होऊन जाऊ दे, मग कळवा की." मोह झाला. खोटं कशाला सांगू, एक आख्खी दुपार झाला. पण पहिल्या रांगेत नवे कपडे घालून टाळ्या वाजवणारी ताई डोळ्यांपुढे आली आणि मला ते बघवेना. लेख मागे घेतला. सत्कारालाही नाही म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, भाऊजी.

आपला, यापुढे फक्त साठ सायटेशनांचा धनी,
मेहुणा

ता. क. हे पत्र गुडघ्यासाठी लिहिलेलं नाही, हे ध्यानात आलं असेलच. संचालकांना सांगितलं, साऱ्या जगाला सांगितलं, पण ताईला सांगायची हिंमत होत नाही. नववीत मी रसायनशास्त्रात नापास झालो तेव्हा निकालपत्रावर बाबांची सही तिनेच ठोकली होती. तेवढं तिला तुम्ही सांगा. जेवण झाल्यावर सांगा.

आणखी एक ता. क. माझा माफीनामा मासिकाने दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध केला. (इतकी घाई त्यांनी माझा एकही लेख छापताना केली नव्हती.) त्यात मूळ लेखाचा उल्लेख असल्यामुळे आज सकाळी आकडा तीनशे अठरा झाला.

शेवटचा ता. क. ताई, भाऊजींची पत्रं आधी तूच फोडतेस हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. त्यांना हे दाखवू नकोस, उगाच त्यांना वाटेल मी त्यांच्या भरवशावर होतो. शनिवारी सत्कार नाही. तरी तू ये. त्या दिवशी घरात एकट्याने बसणं मला जमणार नाही.