वाळलेलं चंदन

गिंडी, तुझ्या कारखान्यातून, विजयादशमी, दुपार

प्रिय श्रीवत्सा,

समोर बसून बोललो की तू हसतोस आणि मी गोंधळतो, म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं आलंय.

लहानपणी तू सूडुकोट्टैनं मला किती छळायचास, आठवतं? तो करडा सागरगोटा फरशीवर खसाखसा घासायचा, आणि मी डोळे मिटून शाळेतली एखादी कविता म्हणत असलो की हळूच माझ्या मानेला टेकवायचा. चटका बसला की माझी चाल तुटायची, तू लोळून हसायचास. एवढ्याशा बीत एवढी आग कुठून रे, असं एकदा विचारलं, तर म्हणालास, "अप्पा, तिला घासलेलं आवडत नाही, ती रागावते." जन्मभर मास्तरकी केली, पण घर्षण इतकं गोड मला कुणाला शिकवता आलं नाही.

आज सकाळी पूजेसाठी कामावरच्या कनकानं सगळ्या यंत्रांना ताज्या चंदनाचे ठिपके लावले. मुहूर्ताला तू पॉलिशचं यंत्र जरासं फिरवून बंद केलंस. आरतीचं ताट घेऊन मी मागून आलो, तर बाकी सगळं चंदन ओलं, आणि त्या यंत्राच्या डाव्या बेअरिंगवरचं वाळून तडकलेलं. सांगितलं, तर तू म्हणालास, "ऊन लागलं असेल चंदनाला. अप्पा, हा तुमचा कवितेचा तास नाही." अरे, त्या कोपऱ्यात ऊन येतंच कुठे? तू माल आणायला इरुंगाट्टुकोट्टैला निघालास, तसा मी तिथे तळवा टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. अजून लाल आहे.

जरासं फिरवलं तर ही गत, मग संध्याकाळी तू सलग चालवणार तेव्हा? चाकाखाली कापडाचा भुगा साचलाय, शेजारी पार्ट धुवायच्या केरोसीनचा डबा, आणि वर वाकलेला तू. एरवी डोळे मिटले की मला कवितेची ओळ दिसते. आज तुझं ते वाकलेलं डोकं दिसतं. मला फार भीती वाटते रे.

आता खरं सांगतो. मेन स्विच पाडून, छत्रीच्या मुठीनं ओढून मी यंत्राचा पट्टा काढलाय आणि पिशवीत घालून वेलचेरीला घरी नेतोय. चोरी झाली समजून तू वॉचमन राममूर्तीवर ओरडू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. आज दुकानं बंद, दुसरा पट्टा मिळायचा नाही. ज्यांचा माल आज पॉलिश करून द्यायचाय, त्या कंपनीवाल्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. म्हातारा वेडा झालाय म्हण, चालेल. उद्या बेअरिंग बदल, मग घरी ये आणि मला हवं तेवढं बोल. तोवर पट्टा मागू नकोस. तुझ्या आईनं मागितला तरी मी देणार नाही.

तुझाच, घाबरलेला,
अप्पा